डबल बाससाठी छोटा अँप: रम्बल ४० की मायक्रो क्यूब बास

पणजी-बेती फेरीबोटीत डबल बास (उभा धरून वाजवायचं, व्हायोलिनच्या घरातलं मोठं वाद्य) घेऊन चढताना एक हात त्याच्या मानेवरच लागतो. अँप, म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर-स्पीकर, दुसऱ्या हाताला पेलला पाहिजे.

फेंडर रम्बल ४० चं वजन आठ किलोंच्या आसपास, ताकद ४० वॅट, स्पीकर १० इंची. बासचा सर्वांत खालचा सूर ई म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ; तो इथे पूर्ण नाही, पण ओळखू येण्याइतका उतरतो. गिटार, व्हायोलिन आणि हलका ड्रम असेल तर पुरतो. मात्र वीज हवीच.

रोलंडचा मायक्रो क्यूब बास आरएक्स सहा पेन्सिल सेलवर चालतो. चार इंची चार स्पीकर. अंगणात घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) आणि व्हायोलिनसोबत मांडो हे गोव्याचं गाणं वाजवायला गोड, पण ड्रम आले की बुडतो.

पिएझो पिकअप (बासच्या लाकडाची कंपनं विजेच्या संकेतात बदलणारा तुकडा) साध्या अँपला थेट जोडलं की तारा टिणटिणतात, लाकडाचा आवाज हरवतो. म्हणून मध्ये प्रीअँप, म्हणजे अँपआधी संकेत सुधारणारी छोटी पेटी, घ्याच; तिच्या इनपुटचा रोध (इम्पीडन्स) एक मेगाओहम किंवा जास्त हवा, पैसे तिथे वाचवू नका. अँप खुर्चीवर ठेवा, घुमणं कमी होतं.

मी रम्बल घेईन. पणजीत बहुतेक ठिकाणी ड्रम असतोच.