ह्यूस्टनमध्ये लेबनीज: ट्रेची रांग, टेबलावरचा मेझे की फिनिशियाचं दुकान?

ह्यूस्टनमध्ये 'मेडिटरेनियन' पाटीची हॉटेलं पैशाला पासरी आहेत. त्या पाटीखाली तुर्की, पॅलेस्टिनी, इराणी काहीही मिळतं. लेबनीजच हवं असेल तर आधी ताब्बुले ही कोशिंबीर मागवा. त्यात बारीक चिरलेल्या पार्सलीचंच राज्य हवं. बल्गर, म्हणजे उकडून-वाळवून भरडलेला गहू, नावापुरता. बल्गरच्या ढिगावर पार्सली भुरभुरलेली दिसली तर पुढची ऑर्डर बेतानेच द्या. दुसरी खूण तूम: लसूण, तेल, लिंबू, मीठ घोटून केलेली पांढरीशुभ्र चटणी. चिकन शवर्म्यासोबत (शिगेवर भाजून कापलेलं चिकन) ती न मागता आली की निम्मं काम झालं.

पहिला पर्याय ट्रेच्या रांगेचा. फादीज आणि माँट्रोज भागातलं अलादीन ही त्यातली दोन ठळक नावं. काचेपलीकडच्या पदार्थाकडे बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. भारतातून आलेल्या आई-बाबांना न्यायचं असेल तर माझं मत डोळे झाकून याच पद्धतीला. मेन्यूतली नावं उलगडत बसावं लागत नाही, आणि हमस (काबुली चण्याची चटणी), बाबा गनूश (भाजलेल्या वांग्याचं भरीत), तळलेला फ्लॉवर, डाळिंबाच्या आंबटगोड रसातली वांगी एवढ्यावर शाकाहारी माणूस तुडुंब जेवतो. उपनगरात राहणाऱ्यांना फादीजची एखादी शाखा जवळ पडते. शहरात असाल तर अलादीन. तोटा एकच: गरम ठेवलेल्या भांड्यात तळणीचे पदार्थ मऊ पडतात. म्हणून फलाफल, म्हणजे चण्याचे तळलेले वडे, ताजं निघतंय का, हे विचारूनच घ्या.

शाकाहारींनी आणखी काही गोष्टी विचाराव्यात. किब्बेत, म्हणजे बल्गरच्या गोळ्यांत, बहुतेक वेळा मांसच असतं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या दोन्ही प्रकारच्या असतात. मसूरच्या सूपमध्ये किंवा शेवया घातलेल्या भातात कधीकधी चिकनचं पाणी असतं. मुजद्दरा मात्र बिनधास्त घ्या: मसूर, तांदूळ आणि वर काळपट होईस्तोवर परतलेला कांदा. आपल्या मसूरच्या खिचडीची ही लांबची बहीण.

फिनिशिया हे मुळात किराणा दुकान, १९८३ पासूनचं. वेस्टहायमर रस्त्यावरच्या दुकानात गरम पिटा, म्हणजे तिकडची रोटी, डोक्यावरच्या पट्ट्यावरून बेकरीतून सरकत येतो. मुलांना तिथून हलवणं कठीण. घरी चार मंडळी बोलावली असतील तर हॉटेलच्या पार्सलपेक्षा इथून पिटा, लबने (चक्क्यासारखं घट्ट दही), ऑलिव्ह, झातर (तीळ घातलेला सुका मसाला) आणावं आणि हमस घरी वाटावं. खर्च कमी, चव वरचढ. निवांत बसून जेवायचं असेल तर मात्र इथे येऊ नका.

त्यासाठी रिचमंड अ‍ॅव्हेन्यूवरचं मेरीज किंवा वेस्टहायमरवरचं कॅफे लिली. लेबनीज जेवण म्हणजे खरं तर हेच: मधोमध मेझेच्या छोट्या ताटल्या, सगळ्यांचे हात त्यांत, गप्पा चालू. पण दोघांनीच गेलात तर मेझेची मजा निम्मी, कारण तीन ताटल्यांतच पोट भरतं. चार-सहा जण जमवा. फत्तूश (कुरकुरीत पिटाचे तुकडे घातलेली कोशिंबीर), बटाटा हर्रा (तिखट परतलेला बटाटा) आणि एखादी ग्रिलची थाळी मधे ठेवा. अठरा-वीस टक्के टिप धरून बिल ट्रेवाल्या जागेपेक्षा जास्त होणार, हे गृहीतच धरा. मेरीजमध्ये हुक्का असतो. धूर चालत नसेल किंवा सोबत लहान मुलं असतील तर शनिवारची रात्र टाळून दुपारी जा.