सिक्स बीटी टर्बोला ऑइल पंप घेतला, पंपाबद्दल आणि दुकानाबद्दल

आमच्या ट्रॉलरला कमिन्सचं सिक्स बीटी आहे, ५.९ लिटर, टर्बोवालं (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), म्हणजे टाटाच्या जुन्या ट्रकांना यायचं तेच, त्यामुळे रत्नागिरीत स्पेअरची चणचण अशी नाही, उलट वांदा हा की खोके भरपूर मिळतात आणि त्यातला कामाचा कुठला ते लवकर कळत नाही. मे अखेरीला मिरकरवाड्यात धक्क्याला लागलो की गरम इंजिन आयडलला (नुसतं संथ चालू ठेवल्यावर) ऑइल प्रेशरचा काटा अर्ध्या किलोवर (चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) येऊन बसायला लागला. सकाळी थंड असताना चार किलो दाखवतोय ना, मग काय नाय होत, असं तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचं म्हणणं. पण थंड इंजिनात जाड तेलावर कुठलाही झिजलेला पंप चार किलो दाखवतो, त्याला अर्थ नाही. कंपनीचा हिशोब गरम आयडलला कमीत कमी १० पीएसआय, म्हणजे साधारण पाऊण किलोच्या जरा खाली, आणि फुल आरपीएमला ३०. आपलं त्याच्याही खाली. साधं इंजिन असतं तर एखाद्याने तसंच रेटलं असतं, पण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे मारतो तो नुसत्या तेलाच्या थरावर, आणि वर त्याच पंपाला पिस्टनच्या खाली तेल मारणारे जेटपण सांभाळायचे असतात. तेल कमी पडलं की आधी टर्बोचे बुश जातात, मग शाफ्टला प्ले (ढिलेपणा) येतो, पंखा हाउसिंगला घासतो, आणि तिथून पुढचा खर्च पंपाच्या किमतीत मोजायचा नसतो.

१ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली तशी बोट वर घेतली आणि शाकारायच्या (पावसासाठी झाकायच्या) आधी हे काम काढलं.

पंप घ्यायच्या आधी एक सांगतो, कारण निम्मे लोक इथेच पैसे घालवतात. ह्या इंजिनात प्रेशर रेग्युलेटरचा वॉल्व पंपात नसतोच, तो बाजूला ऑइल कूलर आणि फिल्टर हेडमधे असतो. त्याच्यात कचरा अडकून तो उघडा राहिला तर काटा अगदी असाच पडतो आणि तुम्ही पंप बदलून बसता, काटा तिथल्या तिथेच. तो वॉल्व काढून बघा, बोटाने ढकलला की सरसर मागेपुढे गेला पाहिजे. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का बघा, तेल पातळ झालं असेल तर पंप बिचारा काय करणार. आणि डॅशबोर्डच्या वायरवाल्या मीटरवर न जाता साधा नळीचा मीटर लावून बघा. आमच्या फिटर काकांनी हे सगळं केलं, शेवटी पंप काढून आतल्या रोटरच्या (तेल ढकलणाऱ्या चाकाच्या) टोकाला फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातलं तर ०.१८ मिलिमीटरच्या वर आरामात जात होतं, लिमिटच ती. मागच्या प्लेटवरपण चरे. म्हणजे पंप खरोखर संपलेला.

पहिल्या दुकानात (नाव सोडा) खोका पुढे सरकवला आणि म्हणे बी सिरीजला (कमिन्सच्या ह्याच घराण्यातल्या चार-सहा सिलेंडरच्या इंजिनांना) सगळ्याला हाच चालतो, किंमत कंपनीच्या निम्मी. उघडून बघू म्हटलं तर खोका उघडला की माल तुमचा. काका पण काय कमी नाहीत, त्यांनी जुना पंप पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, मापून घेऊ द्या, नायतर राहू दे." बराच वेळ कुरकुर झाली, मग उघडला. बाहेरून डिट्टो, बोल्टची भोकंसुद्धा जुळतात, पण रोटरची जाडी व्हर्नियरला सरळसरळ कमी, तो चार सिलेंडरचा पंप. बसला असता, फिरला असता, थंडीत काटापण दाखवला असता, आणि सहा सिलेंडर अधिक टर्बोला तेल पुरवताना आयडलला परत तीच रड. त्यावर त्या माणसाचा तोडगा काय, तर वॉल्वच्या स्प्रिंगखाली वॉशर टाका प्रेशर वाढेल. अहो आयडलला तो वॉल्व बंदच असतो, स्प्रिंग कडक करून तिथे काय वाढणार? वाढतं ते वरच्या आरपीएमला, जिथे कमी नव्हतंच, आणि जास्तीच्या प्रेशरने टर्बोच्या सीलमधून तेल यायची शक्यता ती वेगळीच. तेल किती वाहतं ते महत्त्वाचं, काटा किती वर जातो ते नाही.

मग दुसरं दुकान. हे ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. नाव इथे टाकत नाय, जाहिरात केली म्हणतील, बंदरावर विचारा कोणीही सांगेल. इंजिन नंबर विचारला, मग पार्ट नंबर काढला, मग पंप. कंपनीचा पंप स्वतःच उघडून ठेवला, पट्टी आडवी धरून फिलर गेज स्वतःचं दिलं. रोटर हाताने फिरवला तर कुठे अडकणं नाही, कडांना बर (धातूची खरखरीत कुसं) नाही, जाडी जुन्याइतकी. मधल्या भावाचा एक नावाजलेला ब्रँडपण होता आणि तो वाईट नव्हता खरं सांगायचं तर, ट्रकला मी तोच लावला असता, पण ट्रक बंद पडला तर रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

बसवताना एक गोष्ट, नवीन फिटर असेल तर त्याला आधी सांगा. पंपाची मागची प्लेट ब्लॉकच्या खाचेत तळाला टेकते, पुढचा फ्लॅंज ब्लॉकला टेकत नाही, फट दिसते. ती फट बघून बोल्ट पिळायचे नाहीत, २४ न्यूटन मीटरला थांबायचं. पंपात आधी तेल भरून हाताने फिरवायचा, टर्बोच्या नळीत वरून तेल सोडायचं, आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टरवर काटा हलेपर्यंत फिरवायचं, मधेमधे स्टार्टरला दम देत. चेंबर (खालची तेलाची टाकी) उतरवायला लागत नाही, पण बोटीत पुढच्या बाजूला हात घालायला जागा नसते तेव्हा काकांच्या शिव्या ऐकायची तयारी ठेवा.

१ ऑगस्टनंतर बोट पाण्यात आहे, १५डब्ल्यू४० तेल, धक्क्याला गरम आयडलला सव्वा किलो, चालीवर साडेतीन. टर्बोच्या शाफ्टला पूर्वी होता तेवढाच किंचित प्ले, वाढलेला नाही.

दुकानाच्या दोन तक्रारी आहेत. फ्रंट कव्हरचं सील आणि पॅकिंग त्यांच्याकडे नव्हतं, कोल्हापूरहून मागवलं आणि त्यात दिवस गेले, तेव्हा पंपाची ऑर्डर देतानाच ते सांगून ठेवा. आणि बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, मागा, कारण पार्ट नंबर त्याच्यावर असतो आणि वॉरंटीला तोच लागतो.