‘स्टार ऑफ इंडिया’वरील स्वयंसेवा: गंज खरवडण्यापासून शीड सोडण्यापर्यंत

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन डिएगो शहराच्या धक्क्याला, तीन डोलकाठ्यांचे एक लोखंडी जहाज बांधलेले असते. त्याचे नाव ‘स्टार ऑफ इंडिया’. १८६३ साली पाण्यात उतरलेल्या या जहाजाला इंजिन नाही आणि ते कधीही नव्हते. तरीही अधूनमधून ते धक्का सोडून पॅसिफिक महासागरात जाते आणि शिडे उभारून चालते. हे शक्य होते ते सॅन डिएगोच्या सागरी संग्रहालयात सुटीच्या दिवशी येऊन काम करणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. गेली काही वर्षे मीही त्यांच्यापैकी एक आहे. तिकीट काढून जहाज पाहण्याच्या अनुभवाबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. मी येथे परीक्षण करीत आहे ते स्वयंसेवेचे, कारण कॅलिफोर्नियात राहणारे मराठी मित्र मला वरचेवर विचारतात की हे काम नेमके काय आहे आणि त्यासाठी आपले शनिवार-रविवार द्यावेत का.

माझे मत आधीच सांगते. ज्यांना एक दिवस शिडाच्या जहाजातून फिरायचे आहे, त्यांनी याच संग्रहालयाच्या ‘कॅलिफोर्नियन’ या लहान जहाजाच्या सफरीचे तिकीट काढावे. ती सफर सुंदर असते आणि त्यासाठी कोणतीही पूर्वतयारी लागत नाही. ‘स्टार ऑफ इंडिया’वर काम करायला मात्र त्यानेच यावे, ज्याला समुद्रात जाण्याइतकाच जहाज टिकवण्यातही रस आहे. वर्षातला बहुतेक काळ जहाज धक्क्यालाच असते, काही वर्षी ते बाहेर पडतच नाही, आणि ज्या दिवशी पडते त्या दिवशी खलाशांच्या चमूत जागा मिळते ती प्रशिक्षणाला आणि देखभालीला नियमित आलेल्यांनाच. ही अट मला पूर्णपणे योग्य वाटते. जी दोरी आपण स्वतः बांधलेली नाही, तिच्या भरवशावर दुसऱ्याला डोलकाठीवर चढवणे बरे नव्हे.

पहिले काही महिने माझ्या वाट्याला गंज आला. हे जहाज आयल ऑफ मॅन बेटावरील रॅमझी येथे बांधले गेले. त्या काळी बहुतेक व्यापारी जहाजे अजून लाकडाची असत. याच्या बांधणाऱ्यांनी लोखंड निवडले आणि त्या निवडीमुळेच ते आज आपल्याला दिसते. ते लोखंड घडीव आहे. घडीव लोखंडात धातूच्या मळीचे बारीक तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे साध्या पोलादापेक्षा ते गंजाला अधिक काळ तोंड देते. पण ‘अधिक काळ’ म्हणजे ‘कायम’ नव्हे. खाऱ्या हवेत रंगाखाली फुगवटा येतो, तो टोकदार हातोडीने फोडायचा, खालचे पापुद्रे तारेच्या ब्रशने घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत काढायचे, त्याच दिवशी त्यावर प्रायमरचा हात द्यायचा, कारण उघडे ठेवले तर रात्रीतूनच त्यावर तांबूस साय धरते, आणि मग रंगाचे थर. हे करताना रिव्हेटांच्या रांगांवरून हात फिरतो. त्यातली प्रत्येक रिव्हेट तापवून, हातोड्यांनी ठोकून बसवलेली आहे, हे पुस्तकात वाचणे आणि अर्धा दिवस त्यांच्याभोवतीचा गंज काढत बसणे यांत मोठे अंतर आहे. माझ्या दृष्टीने या स्वयंसेवेतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नवागतांपैकी अनेक जण नेमके याच टप्प्यावर येणे थांबवतात.

त्यानंतरचे काम दोरांचे. डोलकाठ्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे जाड दोर तारेचे आहेत आणि त्यांना पाण्यापासून वाचवणे ही एक स्वतंत्र कला आहे. तारेच्या पिळांमधल्या खाचांतून आधी बारीक दोरी भरतात. त्यावर डांबर लावलेल्या कापडाची पट्टी पिळाच्याच दिशेने गुंडाळतात. आणि शेवटी उलट दिशेने दुसरी दोरी, खाच पाडलेल्या लाकडी हातोड्याच्या साहाय्याने, वेढ्याला वेढा भिडवून इतकी घट्ट आवळतात की मध्ये नख शिरू नये. वरून पाइनच्या झाडापासून काढलेल्या डांबराचा लेप देतात. या डांबराचा वास रस्त्यावरच्या डांबरासारखा नसतो. धुरात वाळवलेल्या लाकडासारखा असतो आणि तो कपड्यांतून लवकर जात नाही. माझे बालपण वेंगुर्ल्याचे. होडी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढून तिला तेल पाजण्याचा वास मला परिचित होता, त्यामुळे असेल कदाचित, पण या कामात माझे मन सर्वांत जास्त रमले. शिकवणारे ज्येष्ठ स्वयंसेवक चूक दिसली की वेढे उलगडायला लावतात आणि पुन्हा पहिल्यापासून करून घेतात. त्यात रागाचा लवलेशही नसतो. पण कच्चे काम ते राहू देत नाहीत.

जहाजाच्या नावाबद्दल मराठी वाचकांना कुतूहल असणार, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. बांधले तेव्हा याचे नाव ‘युटर्पी’ होते. ग्रीक पुराणातील संगीताच्या देवतेवरून ते ठेवलेले होते. हिंदुस्थानाशी त्याचा संबंध मात्र पहिल्याच सफरीपासून आहे. जानेवारी १८६४ मध्ये ते लिव्हरपूलहून कलकत्त्यासाठी निघाले, वेल्सच्या किनाऱ्याजवळ एका स्पॅनिश जहाजाशी त्याची टक्कर झाली, खलाशांनी पुढे जाण्यास नकार दिला आणि त्यांच्यापैकी १७ जणांना तुरुंगवास घडला. दुसऱ्या सफरीत बंगालच्या उपसागरात वादळाने गाठले तेव्हा जहाज वाचवण्यासाठी डोलकाठ्या तोडून टाकाव्या लागल्या. कसेबसे ते श्रीलंकेतील त्रिंकोमालीला आणि तेथून कलकत्त्याला दुरुस्तीसाठी पोहोचले. त्याचे पहिले कप्तान विल्यम स्टोरी परतीच्या प्रवासात वारले आणि त्यांना समुद्रातच मूठमाती, खरे तर जलसमाधी, मिळाली. पुढे १८७१ पासून शॉ सॅव्हिल कंपनीकडे असताना या जहाजाने इंग्लंडमधून न्यूझीलंडला स्थलांतर करणारी कुटुंबे नेली आणि पृथ्वीला २१ प्रदक्षिणा घातल्या. न्यूझीलंड गाठायला त्याला सर्वांत कमी म्हणजे १०० दिवस लागले आणि सर्वांत जास्त १४३.

असे असूनही आजचे नाव त्या कलकत्त्याच्या फेऱ्यांवरून आलेले नाही. १९०१ मध्ये अलास्का पॅकर्स असोसिएशन या सामन मासळी डबाबंद करणाऱ्या कंपनीने हे जहाज घेतले. तिच्या ताफ्यात ‘स्टार ऑफ रशिया’, ‘स्टार ऑफ इटली’, ‘स्टार ऑफ बेंगॉल’ अशी जहाजे आधीपासून होती आणि १९०६ मध्ये त्याच साच्यात ‘युटर्पी’चे ‘स्टार ऑफ इंडिया’ झाले. धक्क्यावर येणारे भारतीय पर्यटक नाव वाचून थांबतात आणि मला पहिला प्रश्न हाच विचारतात, तेव्हा मी त्यांना दोन्ही गोष्टी सांगते: नाव योगायोगाचे आहे, आणि तरीही हुगळीचे पाणी या लोखंडाला लागलेले आहे.

१९२३ मध्ये जहाज निवृत्त झाले, १९२७ मध्ये ओढून सॅन डिएगोला आणले गेले, आणि नंतर मंदी व महायुद्ध यांत तीस वर्षे जवळजवळ बेवारस पडून राहिले. १९५७ मध्ये शिडाच्या जहाजांवर आयुष्य काढलेले कप्तान अ‍ॅलन व्हिलियर्स व्याख्यानांसाठी शहरात आले, त्यांनी जहाजाची अवस्था पाहिली आणि वर्तमानपत्रांतून शहराला जाब विचारला. तेथून दुरुस्ती सुरू झाली. ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या दिवशी, ते अर्ध्या शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा शिडांवर चालले. आम्ही जे करतो ते त्या प्रयत्नाचेच पुढचे काम आहे, आणि ही जाणीव नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून करून दिली जाते.

प्रशिक्षणाचा दर्जा मला उत्तम वाटतो. जहाजावर ओढण्याचे दोर शंभराहून अधिक आहेत. ते कठड्यालगतच्या लाकडी खुंट्यांना बांधलेले असतात आणि कोणता दोर कोणत्या खुंटीला, हे न पाहता सांगता आले पाहिजे, कारण हुकूम आल्यावर शोधत बसायला वेळ नसतो. एखादे शीड वर घेणारा दोर, त्याचे खालचे कोपरे ताणणारे दोर, तेच कोपरे वर उचलणारे दोर, पोटाला धरून शीड गोळा करणारे दोर आणि शीड ज्याला लटकते तो आडवा वासा डावी-उजवीकडे फिरवणारे दोर असा एकदा हिशेब लक्षात आला, की प्रत्येक चौकोनी शिडाला तोच हिशेब लागू पडतो आणि मग पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते. चढण्याची सक्ती कोणावरही नाही. ज्याला चढायचे आहे त्याने सुरक्षापट्टा बांधून, अनुभवी माणसाच्या सोबतीने, दोरांच्या पायऱ्यांवरून जायचे. पहिल्या मचाणाच्या कडेला पोहोचताना शरीर काही पावले मागे झुकलेले असते. ती जागा अवघड आहे आणि तेथे मला तीन वेळा परत फिरावे लागले. तिन्ही वेळा खाली उतरल्यावर कोणीही आग्रह केला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते. चौथ्या वेळी मी वर गेले आणि वाशाखालच्या पायदोरावर उभी राहून शीड गुंडाळायला शिकले.

समुद्रात जाण्याच्या दिवशी टगबोट, म्हणजे ओढून नेणारी बोट, जहाजाला पॉइंट लोमा या बंदराच्या तोंडाशी असलेल्या भूशिराच्या पलीकडे नेते. त्यानंतरच्या सर्व घडामोडींत मला सर्वाधिक आवडते ती जहाज वळवण्याची क्रिया, आणि तिचे वर्णन केल्याशिवाय हे परीक्षण पुरे होणार नाही. चौकोनी शिडांचे जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर चालू शकत नाही. त्याला एका बाजूने तिरके जाऊन मग नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वाऱ्यातून पलीकडे न्यावी लागते. सुकाणू फिरवल्यावर जहाज वाऱ्याकडे वळू लागते आणि त्याचा वेग झपाट्याने कमी होतो. नेमक्या क्षणी मधल्या डोलकाठीचे सगळे वासे एकदम दुसऱ्या बाजूला फिरवायचे. पुढच्या डोलकाठीचे मात्र तसेच राहू द्यायचे, म्हणजे वारा त्या शिडांना समोरून दाबतो आणि नाळ पलीकडे ढकलतो. नाळ वाऱ्यापलीकडे गेली की पुढचे वासे फिरवायचे. हुकूम क्षणभर लवकर आला किंवा ओढणाऱ्यांनी क्षणभर उशीर केला, तर जहाज वाऱ्यात अडकून मागे सरकू लागते. वीस-पंचवीस माणसे एका दोराला लागलेली असतात, त्यांत शिक्षिका असतात, निवृत्त नौसैनिक असतात, महाविद्यालयीन मुले असतात, आणि त्या अर्ध्या मिनिटात कोणालाही दुसरा कसलाही विचार सुचत नाही. धक्क्यावर कितीही सराव केला तरी वाशांवरचा वाऱ्याचा खरा दाब हाताला फक्त येथेच कळतो.

आता अडचणींविषयी. सॅन डिएगोचे ऊन फसवे असते. समुद्रावरून वारा येत असल्याने ते जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते. पाठीचा किंवा खांद्याचा जुना त्रास असेल तर ओढण्याचे काम टाळावे. लहान मुले असलेल्या घरात दर आठवड्याची सुटी अशी देणे सोपे नसते, आणि सहा महिन्यांत एकदा येणाऱ्याला या कामातून फारसे काही मिळणार नाही. मात्र चढता-ओढता न येणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. दोरांची गुंफण, दोर ज्यांतून ओवतात त्या लाकडी कप्प्यांची दुरुस्ती, शिडांची शिलाई ही कामे बसून करता येतात, आणि पर्यटकांना माहिती सांगणाऱ्या स्वयंसेवकांचीही येथे तितकीच गरज असते. आमच्यातले काही सर्वांत कुशल हात सत्तरीच्या पुढचे आहेत.

टेक्सासमध्ये राहणाऱ्यांसाठी असाच पर्याय गॅल्व्हेस्टनला आहे: १८७७ साली अ‍ॅबर्डीनला बांधलेले ‘एलिसा’ हे जहाज, जे ग्रीसमध्ये भंगारात निघण्यापासून वाचवून आणले गेले आणि ज्याची देखभाल व चालनही प्रशिक्षित स्वयंसेवक करतात. इंग्लंडमध्ये असलेल्यांनी हार्टलपूलचे ‘ट्रिंकोमाली’ अवश्य पाहावे. ते आता समुद्रात जात नाही, पण १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून घडवलेले ते लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगते आहे. भारतात नौदलाची ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही गोव्यात बांधलेली शिडाची जहाजे आहेत. परंतु ती नौदलाच्या प्रशिक्षणासाठी आहेत. सामान्य नागरिकाने रविवारी जाऊन ज्याचा गंज काढावा आणि ज्याचे शीड सोडावे, असे जुने जहाज आपल्या किनाऱ्यावर असावे, असे मला फार मनापासून वाटते.

ज्यांनी यायचे ठरवले असेल त्यांनी पहिल्या दिवशी जुने कपडे, बंद आणि न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट आणि भरपूर पाणी आणावे. अंगठ्या व बांगड्या घरी ठेवाव्यात, कारण दोरात अडकून बोट जाऊ शकते. दोरांच्या जागांचा नकाशा मागून घ्यावा आणि घरी बसून तो स्वतःच्या हाताने पुन्हा काढावा. मी माझा मराठीत काढला आहे. इंग्रजी नावांशेजारी मला समजेल असे प्रत्येक दोराचे काम लिहिले आहे, आणि त्याची प्रत हवी असलेल्या कोणालाही मी आनंदाने देईन.