हाफ मॅरेथॉन की दोनशे किलोमीटर सायकल?

आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पूर्वी शुगरचे रिपोर्ट आणि प्लॉटचे भाव निघायचे. आता कोण किती पळाला आणि कोण कुठवर सायकल मारून आला, एवढंच चालतं. बेळगावच्या उद्यमबागेतला कारखाना, ऑफिसात वीस-बावीस माणसं. त्यात चौघं पळणारे, तिघं सायकलवाले. मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेला. त्यामुळे "मला पण कायतरी सुरू करायचं हाय ओ, काय करू?" असं म्हणणारा प्रत्येक जण माझ्या टेबलाशी येतो. तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून लिहून ठेवतोय.

आधी मापं. हाफ मॅरेथॉन म्हणजे 21.0975 किलोमीटर. बेळगावातून खानापूरच्या रस्त्याला लागलात तर खानापूर अजून चार-पाच किलोमीटर राहिलेलं असतं, तिथवर. तीन तासांत पुरं करायचं तर एका किलोमीटरला साडेआठ मिनिटं मिळतात. जोरात चालणारा माणूस मध्ये-मध्ये पळाला तरी जमतं. सायकलवाल्यांची पहिली पायरी म्हणजे 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, मुदत साडेतेरा तास. बेळगावहून हुबळी गाठून परत यायचं, साधारण तेवढं अंतर. चहा, जेवण, पंक्चर, सगळं त्याच वेळात. हिशोब केलात तर ताशी पंधराच्या आतच पडतं. ऐकायला सोपं आहे. करायलाही सोपं आहे, फक्त ते सोपं तेरा तास करायचं असतं.

नवा माणूस बहुतेक वेळा "यातलं अवघड कुठलं?" असं विचारतो. मी उलट विचारतो, तुमच्या घरी रविवारी मटण कोण आणतं? हसू नका, निकाल तिथंच लागतो. पळण्याला आठवड्यात चार सकाळी लागतात, पाऊण-एक तासाच्या. साडेपाचला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडांखाली दोन-तीन फेऱ्या मारल्या की साडेसहाला घरी, पोरांचे डबे व्हायच्या आत आंघोळ उरकलेली. रविवारची लांब पळती सोळा-सतरा किलोमीटरवर गेली तरी नवाच्या आत तुम्ही बाजारात पिशवी घेऊन उभे. सायकलीला आठवड्यातल्या दोन सकाळी पुरतात, पण रविवार अख्खा जातो. साठ, मग ऐंशी, मग सव्वाशे. कित्तूरपर्यंत जाऊन यायचं म्हटलं तरी शंभरच्या आसपास होतं, आणि परतताना वारा तोंडावर. दुपारी एकला घरी येऊन जेवलात की चारपर्यंत तुम्ही कुणाच्या कामाचे नाही. लग्नसराईत तीन रविवार सलग चुकवले तेव्हा घरात माझ्याशी कोण कसं बोलत होतं ते इथं लिहीत नाही.

पैशाचं लवकर उरकतं. पळायला चार-पाच हजारांचे बरे बूट, ते सहाशे-सातशे किलोमीटरनंतर तळातून बसतात, मग नवे. सायकल बरी घ्यायची तर वीस-पंचवीस हजारांच्या खाली बघू नका. वर हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, रिफ्लेक्टरचं जॅकेट, सुटे ट्यूब, पंप. बीआरएममध्ये मागून गाडी घेऊन येणारा मेव्हणा चालत नाही. वाटेत जे होईल ते आपलं आपणच निस्तरायचं. तेव्हा पंक्चर काढायला आधी शिका. अंधारात महामार्गाच्या कडेला शिकण्याची ती गोष्ट नव्हे.

आता आपल्या भागाचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस कसा असतो ते सांगायला नको. पळणाऱ्याचं फार बिघडत नाही, मोजे ओले होतात इतकंच. सायकलवाल्याला मात्र जांबोटीच्या रस्त्यावर खड्ड्यात पाणी आहे की पाण्यात खड्डा आहे ते कळत नाही. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटजवळ मी असाच आडवा झालो. ओला रूळ तिरका ओलांडायला गेलो, पातळ टायर सरकला, गुडघ्याला सहा टाके. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचा, आणि पाऊस असला तर उतरून. पाऊस सरला की वाटतं, आता मोसम आपला. तर नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू. मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, शेवटच्या ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर. संकेश्वर-निपाणीच्या बाजूला पहाटे सायकल मारणाऱ्याने हे डोक्यात ठेवूनच निघावं. थंडीच्या त्या महिन्यांत पळणाऱ्यांची खरी चंगळ असते.

सोमवारचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. पहिली हाफ मॅरेथॉन झाल्यावर आमचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस मी चढलो नीट. उतरताना मांड्या अशा भरल्या होत्या की कठडा धरून एकेक पायरी उलटा उतरलो. डिस्पॅचची पोरं खाली उभी राहून बघत होती. पण दोन-तीन दिवसांत सगळं जागेवर. पहिल्या बीआरएमनंतर जिना झोकात चढलो-उतरलो, आणि टेबलाशी बसल्यावर कळलं की डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. हँडलवर तळव्याशी नस दाबली गेल्याचा तो प्रकार. महिनाअखेर, जीएसटीचं काम, आणि कीबोर्डवर ती दोन बोटं आहेत की नाहीत कळेना. चार दिवस गेले. हँडल थोडं वर घेतलं, पॅडचे हातमोजे घातले, दर दहा मिनिटांनी पकड बदलायची सवय लावली, तेव्हा गेलं. आणखी एक : पळण्याआधी दुखण्याची गोळी खाऊन उभे राहू नका. घाम गेलेल्या अंगात ती मूत्रपिंडावर येते. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांना आधी छाती दाखवा, मग बूट घ्या.

ऑफिसची माणसं सोबत असतील तर आणखी एक भानगड असते. पळण्याच्या स्पर्धेत छातीवर नंबर, पायात चिप. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर. आमचे मोठे साहेब ट्रेनीच्या मागे अकरा मिनिटांनी आले, आणि त्या ट्रेनीला पुढचा आठवडाभर विनाकारण फायली शोधाव्या लागल्या. बीआरएममध्ये नंबरच काढत नाहीत. मुदतीत आला तो पास, नाही आला तो नाही. नऊ तासांत आलेला आणि सव्वातेरा तासांत आलेला एकाच यादीत. शिवाय साहेब, शिपाई, सगळे एकामागे एक लागून वारा वाटून घेतात. कित्तूरच्या पुढे एका धाब्यावर मालकाने "ऊट आतेन री?" (जेवण झालं का?) विचारलं तेव्हा साहेबांनी स्वतः पिशवीतून उकडलेली रताळी काढून सगळ्यांना वाटली. बेळगावच्या पश्चिमेची रताळी, मीठ लावलेली. कसल्याही एनर्जी जेलच्या पाकिटापेक्षा मला तीच चालतात.

पोहणं आणि ट्रेक हेही लोक विचारतात. गुडघे खरंच गेले असतील तर गोवावेसच्या तलावात जा, दुसरा विचार नको. पावसाळ्यातली पन्हाळा-पावनखिंड एकदा करावीच. पण ती दोन दिवसांची मजा, तिच्यासाठी वर्षभर सकाळी कुणी उठत नाही.

आणि ज्याला अजून काहीच ठरवता येत नाही, त्याने नवरात्रात दुर्गामाता दौडीत नऊ दिवस यावं. पहाटे उठणं जमतंय का, ते फुकटात कळतं. आमच्यातले दोघं तिथूनच पळायला लागले.

एवढ्यावर गेल्या महिन्यात दोघांना सल्ला दिला. अकाउंट्समधल्या मॅडमचं पोर तीन वर्षांचं, घरी सासूबाई आजारी. त्यांना म्हटलं, पळा. सकाळचा पाऊण तास तुमचा, बाकी दिवस घराचा. स्टोअरचे काका बावन्न वर्षांचे, ब्याण्णव किलो, पोरं पुण्याला, रविवार रिकामा. त्यांना सायकल. दुसऱ्याच आठवड्यात आले, "सीट लई टोचायलंय की ओ." पॅडची चड्डी आणायला लावली. तरी टोचायलंय. तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते, हे त्यांच्या गळी उतरवायला मला दोन रविवार लागले.