फ्री डिश की महिन्याचा पॅक? घरात लहान मूल असेल तर

साडूंनी गावच्या घरासाठी नवा टीव्ही घेतला आणि मला फोन केला, "तुमच्याकडे दोन्ही आहे. पोरांच्या हिशेबानं काय बसवू?" दोन्ही आहे हे खरं. पुण्याच्या फ्लॅटवर महिन्याचा पॅक, त्यात पाच बालवाहिन्या. वाईजवळच्या आमच्या घरावर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत सेवेची छत्री. धाकटा सहा वर्षांचा आहे. दिवाळी, मे महिना आणि अधूनमधून जोडून आलेल्या सुट्ट्या धरल्या तर वर्षातले दोन-अडीच महिने तो आजी-आजोबांजवळ असतो. म्हणजे मूल एकच, टीव्ही दोन. तुलना आपोआपच होत राहते.

किती वाहिन्या, किती पैसे हे दुकानदार सांगेलच. जे त्याच्या दुकानात समजत नाही, त्याबद्दल मी सांगतो.

आधी मोफत बाजू, कारण गैरसमज जास्त तिथेच आहेत. माझ्या वयाच्या माणसाला मोफत टीव्हीवर मुलांचं काय लागतं असं विचारलं, की त्याच्या डोळ्यांसमोर रविवारची सकाळ येते. मोगली, नंतर १९९७ पासून शक्तिमान. आमच्या आधीच्या पिढीला मुंबई दूरदर्शनवरचं 'किलबिल' आठवतं. ते दिवस आता मोफत टीव्हीवर नाहीत, हे आधी मान्य करून टाका. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि मुलांची करमणूक हळूहळू केबलवर, म्हणजे पैसे मोजणाऱ्या घरांत गेली. फ्री डिशवर खासगी वाहिनीला जागा लिलावातून घ्यावी लागते आणि एकेका जागेचे कोट्यवधी रुपये मोजावे लागतात. एवढे पैसे भरणारा त्या जागेवर सासू-सुनेची मालिका लावेल, हिंदी सिनेमा लावेल, भोजपुरी गाणी लावेल. चॉकलेट आणि खेळण्यांच्या जाहिरातींवर तेवढी वसुली होत नाही, हे कळायला फार हिशेब लागत नाही. त्यामुळे मोफत छत्रीवर दिवसभर चालणारी चांगली कार्टून वाहिनी असेल, या आशेवर बसू नका. कधी एखादी दिसते आणि पुढच्या लिलावानंतर नाहीशी होते.

मग मोफत टीव्हीवर मुलांसाठी आहे काय? शाळा आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि पीएम ई-विद्याच्या वाहिन्या आल्या, पहिली ते बारावी, एका इयत्तेला एक वाहिनी. त्याच वर्षी जुलैत सह्याद्रीवर 'टिलीमिली' सुरू झालं. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची मालिका, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. आमची मोठी तेव्हा दुसरीत होती. गावीच अडकलो होतो. ती टीव्हीसमोर बसायची, आणि पाच-दहा मिनिटांत उठून कपाटातला हँगर काढायची, त्याच्या दोन टोकांना नाडीनं दोन वाट्या बांधायची आणि एका वाटीत शेंगदाणे, दुसरीत बटाटा टाकून तोलत बसायची. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझ्या वाट्या ठेव गं जागेवर!" टीव्ही पाहून मूल जागेवरून उठतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर पॅकवरच्या वाहिन्यांवरही पाहिलं नाही. माझं मत त्या हँगरनं थोडं वाकवलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पण शाळा ती शाळाच. संध्याकाळी सहाला खेळून दमलेल्या पोराला तिसरीचा परिसर अभ्यास लावून बघा, काय होतं ते. मोफत टीव्हीनं मुलांचा अभ्यास ठेवला आणि खेळ सोडून दिला, अशी माझी तक्रार आहे. सह्याद्रीकडे 'किलबिल'ची पुण्याई असताना हे व्हावं, याचं वाईट वाटतं.

आता पॅक. इथे पोराला हवं ते सगळं आहे, उलट जास्तच आहे. मोटू पतलू, भीम, जपानी कार्टूनं, सकाळी सहापासून रात्री झोपेपर्यंत. काही वाहिन्यांना मराठी आवाजाची सोय आहे, रिमोटवरच्या भाषेच्या बटणानं तो निवडता येतो. ही सोय मला मनापासून आवडली. मात्र गावी आधी पॅक होता तेव्हा वीज जाऊन आली की डब्यावर भाषा परत हिंदीवर यायची, आणि अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते बटण सापडायचं नाही. धाकटा एकदा आईला "दादी, भूख लगी है" म्हणाला तेव्हा तिनं पोळी वाढली खरी, पण मला रात्री वेगळं बोलावून घेतलं. तुमच्या घरात सगळ्यांना रिमोट येत असेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाही.

जाहिराती दोन्हीकडे आहेत. पैसे भरूनही जाहिराती बघाव्या लागतात याचा राग येणारे बरेच आहेत, मी त्यातलाच. २०२२ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार चिप्स, शीतपेयं यांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात आणि मुलांच्या वाहिनीवर दाखवायच्या नाहीत. फ्री डिशवर पोरगं मोठ्यांच्याच वाहिन्या बघतं, त्यामुळे त्याच्या कानावर मोठ्यांच्या जाहिराती पडतात. आमच्याकडे त्यातून नुकसान एवढंच झालं, की त्याला सांधेदुखीच्या तेलाची आख्खी जाहिरात पाठ झाली आणि तो आईचे गुडघे धरून ती म्हणून दाखवतो. आईला ते आवडतं.

आता ज्यावरून माझा निर्णय झाला ते.

गावच्या त्या पॅकची गोष्ट. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच असाव्यात. पुण्यात बसून मोबाईलवरून मी रिचार्ज करायचो. महिना संपायच्या आधी कंपनीचा संदेश यायचा, तो इतर पन्नास संदेशांत बुडायचा. मग एखाद्या मंगळवारी मी कामात असताना अप्पांचा फोन. अप्पा फोनवर पहिल्यांदा तब्येत विचारतात, पाऊस विचारतात, सुनेची चौकशी करतात, आणि मग म्हणतात, "टीव्हीवर पाटी आलीये रे." मी म्हणायचो, "अप्पा, तुम्ही डबा चालूच ठेवा, करतो मी." रिचार्ज व्हायचं, पण चित्र परत यायला कधी दहा मिनिटं, कधी तासभर लागायचा. कधी डबा बंद करून पुन्हा चालू करा, अमुक वाहिनीवर ठेवा, असं सांगावं लागायचं. फोनवरून त्यांना ते बटण दाखवता येत नाही, आणि त्यांना ते विचारायला कमीपणा वाटतो. पाचशे रुपयांच्या आतली गोष्ट, पण महिन्यातून एकदा माझे वडील मला मागायला आल्यासारखे बोलायचे. ते मला खुपायचं.

त्यात एका मे महिन्यात धाकटा तिथेच होता. कार्टून ऐन रंगात असताना पडदा निळा झाला, त्यावर पाटी. हा रडायला लागला. आई त्याला समजवायला म्हणाली, "पैसे संपले रे बाळा, बाबा भरतील." संध्याकाळी मी पोचलो तर हा दारातच उभा. "बाबा, आपले पैसे संपलेत का?" आम्ही दुसऱ्या दिवशी पाचगणीला जाणार होतो. त्यानं विचारलं, "मग स्ट्रॉबेरी नको घेऊया का?" चार वर्षांचा होता तेव्हा.

पुढच्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं. त्यानं तीच छत्री दिशा बदलून लावली, नवा डबा बसवला, दोन हजारांच्या आत काम झालं. त्या दिवसापासून पाटी नाही. अप्पांचा फोन आता येतो तो पावसाचाच येतो.

तुमच्या घरी पाटीचा त्रास नसेल, बँकेतून आपोआप रिचार्ज होत असेल, तर माझ्या कारणाला तुम्ही महत्त्व द्यायचं कारण नाही. शिवाय फ्री डिशलाही तिचा त्रास आहेच. एप्रिलच्या सुमारास लिलाव होऊन वाहिन्यांची जागा हलते, काही जातात, काही नव्या येतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये तर मोठ्या खासगी समूहांनी आपापल्या हिंदी वाहिन्या एकदमच काढून घेतल्या होत्या, पुढे त्यातल्या काही परत आल्या. अशा वेळी डबा पुन्हा स्कॅन करावा लागतो. ते मी गुढीपाडव्याला गेलो की करतो. वर्षातून एकदा माझ्या हातानं करण्याचं काम आणि बारा वेळा वडिलांना फोनवर सांगण्याचं काम, यात मला फरक वाटतो. एक सांगतो, डबा एमपीईजी-४ चाच घ्या. जुन्या एमपीईजी-२ डब्यावर वाहिन्या कमी दिसतात. दुकानदार दोनशे रुपये कमी सांगून तोच गळ्यात मारायला बघतो.

मोबाईलवरचा व्हिडिओ मी या तुलनेत धरलेला नाही. गावी रेंज माळ्यावरच येते आणि पोराला माळ्यावर एकटं सोडायची माझी तयारी नाही. जुन्या दूरदर्शनची फारच आठवण येत असेल तर प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं. पण ते आपल्या पिढीसाठी, पोरासाठी नव्हे.

गावी धाकटा आता टीव्ही किती बघतो हे मी मोजलेलं नाही. एवढं दिसतं, की आपलं काही लागलं नाही की तो पाच मिनिटांत उठून गोठ्याकडे जातो. नाहीतर अप्पांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर जुना सिनेमा बघतो आणि "हा वाईट माणूस आहे का?" असं दर दोन मिनिटांनी विचारतो. अप्पा उत्तर देतात. पुण्यात तो कार्टून बघताना कुणाला काही विचारत नाही, कारण शेजारी कुणी नसतं. हा दोष पॅकचा म्हणता येणार नाही, आमचाच आहे. तुमच्या घरात वेगळं असू शकेल.

पोरं दहाच्या पुढची असतील, किंवा एखाद्या ठरावीक कार्टूनशिवाय जेवतच नसतील, तर पॅक घ्या. दिवसभर रडारड ऐकण्यापेक्षा ते बरं. पण घरात म्हातारी माणसं आहेत, पोरं सुट्टीपुरती येणार आहेत आणि रिचार्ज दूरच्या शहरातून कुणीतरी करणार आहे, अशी स्थिती असेल तर मी छत्रीच बसवीन. साडूंना तेच कळवलं.

पुण्यातला पॅक आम्ही अजून बंद केलेला नाही. बायकोचं म्हणणं, परीक्षा होऊ देत. या वेळचं रिचार्ज २२ तारखेला संपतंय. मी आठवण करणार नाहीये.