कान्हा सफारी: वाघापलीकडे पाहणाऱ्यांसाठी

फक्त वाघ डोक्यात असेल तर मध्य प्रदेशातलं कान्हा राष्ट्रीय उद्यान निराश करू शकतं. इथलं खरं वैभव म्हणजे सालवन, मोकळी कुरणं आणि नामशेष होता होता याच जंगलात तगलेला, कडक जमिनीवरचा (दलदलीत न राहणारा) बारशिंगा, म्हणजे फांद्यांच्या शिंगांचं हरीण. त्याच्यासाठी सफारीच्या विभागांपैकी कान्हा किंवा मुक्की झोन घ्या.

जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या जीपमध्ये, सहा पर्यटक बसतात. मागच्या उंच सीटवरून दिसतं छान, पण धक्केही तिथेच जास्त. बुकिंगला दिलेलं मूळ ओळखपत्रच गेटवर दाखवावं लागतं. बुधवारी दुपारची फेरी नसते. गाईड आळीपाळीने मिळतो. चितळाची धोक्याची हाक ऐकून गाडी थांबवणारा लाभला तर नशीब! जानेवारीत पहाटे कानटोपी हवीच. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र, म्हणजे हे सफारीचं मुख्य जंगल, बंद.