बीपी मशीनला चार स्टार, सोबतच्या पुस्तिकेला एक, तोही मोठ्या मनाने

आईसाठी घरी बीपी मोजायचं मशीन घेतलं त्याला आता तीन महिने झाले. दंडाला पट्टा गुंडाळायचा, बटण दाबायचं, ते टाइप. मशीनबद्दल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते मोकळे: आकडे मोठे आहेत, आवाज फार करत नाही, सेल अजून बदलावे लागलेले नाहीत, डॉक्टरांकडच्या मशीनशी दोनदा ताडून पाहिलं तर तीन-चारचा फरक. झालं. आता खरं रडगाणं, ते म्हणजे आत आलेली पुस्तिका.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याआधी आणलेल्या दोन-तीन वस्तूंच्या पुस्तिका पण याच घराण्यातल्या होत्या. आणि हो, मी ऑफिसात एसओपी, म्हणजे कुठलं काम कोणत्या पायऱ्यांनी करायचं त्याच्या सूचना, लिहायचं काम करते, त्यामुळे माझी नजर जरा खाष्ट आहे हे धरून चाला.

पहिली गंमत कफ. इंग्रजीत त्या पट्ट्याला कफ म्हणतात ते ठीक, पण मराठी भागात कोणीतरी तो शब्द तसाच उचलून ठेवलाय. "कफ फार घट्ट नसावा." "कफ ओला असल्यास मोजमाप करू नये." आईला त्या आठवड्यात खोकला झालेला, ती म्हणाली अगं मग आता बरं वाटेपर्यंत मोजायचंच नाही का? मी हसले, पण तिचं काय चुकलं सांगा, मराठीत कफ म्हणजे कफच. बरं पुढच्या पानावर त्याच वस्तूला बाही म्हटलंय आणि त्याच्या पुढे पट्टा. "बाही वर सरकवा" असं आलं तेव्हा ती ब्लाउजची बाही की मशीनची, हे मलाही दोनदा वाचून कळलं. विमानाच्या मेन्टेनन्स मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यात नियमच आहे की एका शब्दाला एकच अर्थ आणि कृती सांगणारं वाक्य २० शब्दांच्या आत. तिथे मेकॅनिक गोंधळला तर काय होईल हे सगळ्यांना कळतं म्हणून तिथे नियम, आणि इथे ७२ वर्षांची बाई एकटी बसून मोजणार तर तिला एका पट्ट्याची तीन नावं.

दुसरं म्हणजे क्रम. पायरी ६, स्टार्टचं बटण दाबा. पायरी ७, "बटण दाबण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसलेले असावे, बोलू नये, पाय एकमेकांवर ठेवू नयेत." आई पायरी वाचते आणि करते, वाचते आणि करते, आधी सगळं वाचून मग सुरू करणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत. तर तिने ६ केलं, पट्टा फुगायला लागला, मग ७ वाचलं आणि घाबरून मला हाक मारली, म्हणजे बोलली. आकडा अर्थातच वाढून आला. जे आधी करायचं ते आधी लिहा हो, याला काय डिग्री लागते?

पण सगळ्यात जास्त राग मला पान ३१ चा आलाय. तिथे बारीक अक्षरात लिहिलंय की सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे. माझा दंड ३५. हौस म्हणून मी पण रोज मोजत होते आणि चार दिवस आकडे चढे येत होते, पट्टा लहान पडला की रीडिंग खोटं जास्त येतं. चार दिवस मी उगाच मीठ कमी करून बसले. मोठा पट्टा वेगळा मागवला तेव्हा आकडे खाली आले. ही ओळ खोक्यावर बाहेरच हवी होती, निदान पहिल्या पानावर तरी. पहिल्या दोन पानांवर काय आहे? ऑसिलोमेट्रिक पद्धत, अचूकता अधिक-उणे ३ एमएमएचजी, साठवणुकीचं तापमान, आर्द्रता. ही माहिती फालतू आहे असं मी म्हणत नाही, टेक्निशियनला हवीच असेल, पण टेक्निशियन काय आमच्या घरी राहतो?

म्हणजे मूळ लोचा हा की हे वाचणार कोण ते लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नाही. आमच्याच घरात बघा, आईला रोज सकाळी काय करायचं तेवढं हवंय. माझा भाचा अक्षर वाचतच नाही, चित्र बघतो आणि बटणं दाबत सुटतो, तारीख-वेळ त्यानेच लावून दिली दोन मिनिटांत, पुस्तिका न उघडता. डॉक्टरांना मशीनशी देणंघेणं नाही, त्यांना सात दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे एका कागदावर पाहिजेत, दर वेळी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट. आणि मला एरर आली की काय करायचं ते. चौघांसाठी मिळून एकच सलग मजकूर लिहिला की तो कोणाचाच राहत नाही. यूजर मॅन्युअल कशी लिहावीत यासाठी आयईसी आणि आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थांचं ८२०७९-१ हे स्टँडर्ड आहे, २०१९ ची आवृत्ती, त्यातही वाचणारा कोण याचा विचार धरलेला आहे, तेव्हा हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही.

चित्रं मात्र स्वच्छ आहेत, रेषा ठळक, बाण मोठे. फक्त माणूस समोरून काढलाय, त्यामुळे चित्रातला डावा हात आपल्या उजवीकडे येतो आणि आईने आरशासारखं बघून नळी उलट्या बाजूला नेली. वापरणाऱ्याला स्वतःचा हात जसा दिसतो तसं काढलं असतं तर हा घोळ झाला नसता.

शेवटी मीच एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरात, सात ओळी, कपाटाच्या दाराला चिकटवलं. आणि रोज हेच काम करणारी मी, पहिल्याच फटक्यात आपटले. "पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन सेंटिमीटर वर" असं लिहिलेलं, तर आई शिवणाच्या डब्यातली मेजर टेप शोधायला उठली. खोडून "कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर" केलं. मग "हात हृदयाच्या पातळीवर" याचं "हात टेबलावर, खाली उशी" केलं, कारण हृदयाची पातळी म्हणजे नक्की कुठे हे तिने मला विचारलं आणि मी पण जरा अडखळलेच. लिहिल्यावर मी शेजारी गप्प बसून राहिले, ती कुठे थांबते ते बघत, मध्ये तोंड घालायचं नाही असं ठरवून, आणि ते फार अवघड जातं बरं का. तिसऱ्या कागदाला ती कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेली.

मागच्या रविवारी बघितलं तर माझ्या पहिल्या ओळीच्या वर तिने पेनाने लिहून ठेवलंय, "आधी चष्मा."

मशीन घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण आधी दंडाचा घेर मोजा, आणि पुस्तिका उघडलीत तर थेट पान ३१ पासून सुरू करा.